दुसरा डबा

"थांब. आता हात लावू नकोस."

काकूंनी एवढंच म्हटलं आणि माझ्या पुढ्यातली परात ओढून घेतली. परातीत काळा मसाला होता. अर्धा चाळलेला, अर्धा तसाच. चाळणी माझ्या हातातच राहिली. काकू ती मागेनात, आणि ती कुठे ठेवावी हे मला कळेना. मी ती तशीच धरून बसले.

काकू यादम्माकडे वळल्या. यादम्मा शेगडीपाशी खोबरं भाजत होती. तिला त्या तेलुगूत म्हणाल्या, हा मसाला मोठ्या डब्यात घालू नकोस, त्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या डब्यात घाल, हॉटेलवाल्यांच्या. यादम्माने मान हलवली. तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं.

मग त्या माझ्याकडे बघून मराठीत बोलल्या. हळू आवाजात. त्या खोलीत मराठी समजणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

"आधी सांगायचं नाही का गं? मी तुला आपली समजले होते. उद्या गिऱ्हाइकांनी विचारलं, कुणाच्या हातचं आहे, तर मी काय सांगू?"

हातातल्या चाळणीतून मसाला माझ्या ओढणीवर सांडत होता. मला पहिली भीती वाटली ती ही, की सांडला म्हणून आता ओरडतील. दुसरी भीती मागून आली. आता सही मिळणार नाही.

सहीचं सांगते. नारायणगुड्याला एका शाळेच्या वरच्या मजल्यावर कम्युनिटी कॉलेज भरतं. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठी. तिथे मी बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा करत होते. बाबा आजारी पडले तेव्हा माझं बी.कॉम. सुटलं होतं. तेव्हापासून मी चिक्कडपल्लीच्या एका कपड्याच्या दुकानात बिलिंगला बसते. मॅनेजरने सांगून ठेवलं होतं की डिप्लोमा आण, तुला फ्लोअर इन्चार्ज करतो. त्यासाठी सकाळी क्लास, दुपारनंतर दुकान. आणि शेवटच्या सत्रात प्रॅक्टिकल. म्हणजे एखाद्या चालत्या धंद्यात रोज जाऊन काम करायचं, तो धंदा समजून घ्यायचा, आणि सगळ्यांसमोर मांडायचा. मालकाने सही केली की प्रॅक्टिकल पास. सही नाही तर डिप्लोमा नाही.

माझ्यासाठी ही जागा मॅडमनी शोधली होती. मॅडम तेलुगू. मनाने चांगल्या. त्यांना वाटलं, मराठी मुलगी आहे, मराठी मालकीणबाई आहेत, जमेल दोघींचं. त्यांना कौतुक वाटत होतं. मला भीती वाटली, ती त्यांना कशी दिसणार?

हैदराबादेत आम्हाला लपायला जागा मिळाली होती. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाला सांगून पटणार नाही. इथे आडनाव नावाच्या आधी लावतात, आणि तेही एका अक्षरात. शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव असं एका अक्षरात आखडलं, तेव्हा बाबा खूश झाले होते. तेलुगू लोक जात विचारत नाहीत असं नाही. चांगली विचारतात, फिरवून फिरवून विचारतात. पण "मीरु मराठीवाळ्ळा?", तुम्ही मराठी का, असं कुणी म्हटलं आणि आपण हो म्हटलं की विषय मिटतो. त्यांच्या लेखी मराठी हीच आमची जात. मराठवाड्यातल्या गावाने जे आम्हाला पिढ्यान् पिढ्या विसरू दिलं नाही, ते अंबरपेठच्या गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं.

ओळखणार कोण? मराठी माणूसच. म्हणून आमच्या घराला भीती मराठीची. बसमध्ये कुणी बायका मराठीत बोलताना दिसल्या की माझी आई एकदम तेलुगूत बोलायला लागते. तिचं तेलुगू मोडकंतोडकं, ऐकणाऱ्याला हसू यावं असं. तरी ती तेच रेटते. लहानपणी मला त्याची मजा वाटायची. मोठी झाले तशी मीही बसमध्ये मराठी ऐकू आली की खिडकीबाहेर बघायला लागले. आपल्याच भाषेला भिऊन मी मोठी झाले.

काकूंकडे जाणार म्हटल्यावर आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"नको जाऊस माय. तुझ्या मॅडमला म्हणावं तेलुगू मालक बघ."

"तसं नाही बदलून मिळत, आई."

"मग तोंड सांभाळून राह्य. इचारल्याबिगर बोलू नको."

काकूंचं घर चिक्कडपल्लीत, आतल्या गल्लीत. त्यांच्या सासऱ्यांची निजामाच्या काळापासून मराठवाड्यात जमीन. ते शहरात आले, दुकान टाकलं, इथलेच झाले. काकूंनी मागच्या अंगणात मसाल्याचा धंदा काढला. काळा मसाला, येसर, मेतकूट. हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना हे बाजारात मिळत नाही, म्हणून मागणी मोठी. काही हॉटेलंही घेतात. पाकिटावर त्यांचा छोटा फोटो आणि खाली लाल अक्षरांत "घरच्या हातचं".

पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मला सांगावंच लागलं. पण आमचं आडनाव असं आहे की ते त्यांच्यातही असतं आणि आमच्यातही. काकूंनी ते ऐकलं आणि खुशीत म्हणाल्या, "अगं, मग आमच्या माहेरच्या गावात तुमची भरपूर घरं." मी मान हलवली. त्यांनी मला त्यांच्यातली धरलं आणि मी धरू दिलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आणि खरं सांगते, मला तिथे आवडायला लागलं. खोबरं भाजल्याचा वास, दगडफुलाचा वास, आमच्या घरचाच. काकू मला "बाळा" म्हणायच्या. जेवायला बसवायच्या, त्यांच्याच ताटातलं पिठलं माझ्या भाकरीवर वाढायच्या. माल कुठून आणायचा, मिरची कुठली घ्यायची, दिवाळीच्या आधी किती आधीपासून तयारीला लागायचं, सगळं हौसेनं शिकवायच्या. घराबाहेर कुणाशी मोकळेपणाने मराठी बोलायची मला सवयच नव्हती. तिथे बोलायला लागले. बडबड करायला लागले. आई विचारायची, "काही इचारलं का तिनं?" मी म्हणायचे, "काही नाही गं, चांगल्या आहेत त्या."

घात तिथेच झाला. मी सैल पडले.

नांदेडकडून मामाचा फोन आला. हात मसाल्यात होते, म्हणून मी खांद्याने फोन कानाशी धरला आणि घरी जसं तोंडातून निघतं तसं निघून गेलं. "जय भीम मामा."

काकू पलीकडे पाकिटं मोजत होत्या. त्यांचा हात थांबला. मी फोन कसाबसा संपवला.

"कोण गं?"

"मामा."

"बरं."

त्या दिवशी एवढंच. जेवायला मात्र हाक मारली नाही. मी आपली मनाला समजावत राहिले, कामात असतील, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी ती परात.

काकूंचं ते बोलणं ऐकल्यावर मी उठून निघून गेले असेन, असं कुणाला वाटेल. मी कुठेच गेले नाही. मी हात धुतले आणि बाहेर येऊन उभी राहिले. काकूंनी मला बाहेरच्या ओट्यावर, चपला काढतात तिथे, पोतं टाकून दिलं. "तू आता इथलं बघ," म्हणाल्या. गोड आवाजात. मी बसले. सही हवी होती मला.

काकू मूर्ख नव्हत्या. त्यांना धंदा कळत होता. बिनापैशाचे दोन हात मिळालेले, ते वाया कसे घालवतील? घरगुती गिऱ्हाइकांचा मसाला आत यादम्मा चाळायची. हॉटेलचा मसाला बाहेर माझ्याकडे यायचा. मी चाळायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. हॉटेलात कोण विचारतं कुणाच्या हातचं? आतली पाकिटं सील झाली की तीही माझ्याकडे यायची, लेबल लावायला. सील झाल्यावर माझा हात चालत होता. दुकानाची वेळ होईपर्यंत मी ओट्यावर बसून पाकिटांवर चिकटवत होते, घरच्या हातचं, घरच्या हातचं, घरच्या हातचं.

यादम्माने विचारलं, "तेरे कू बाहर कायकू बिठाए अम्मा?"

"अंदर धूर से छींकां आते मेरे कू," मी म्हटलं.

तिने खरं मानलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नाकाला बांधायला स्वच्छ फडकं घेऊन आली. मी ते बांधलं. नसलेल्या शिंकांसाठी मी तोंड बांधून बसायला लागले आणि मला माझीच घृणा आली.

आईला मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईला माझ्या ओढणीला भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत नाही, बाहेरच्या धुळीचा येतो, हे कळलं. सगळं काढून घेतलं तिने माझ्याकडून. मला वाटलं होतं रडेल. रडली नाही. दार लावून घेतलं, जसं काही कुणी बाहेर उभंच आहे.

"कुणाला काही बोलू नको. सही होऊ दे. मग तिचं तोंडबी बघू नको."

"आणि तोवर?"

"तोवर बस तिथंच. आमी नाही का बसलो? गावात चव्हाट्याच्या खालच्या अंगाला बसूनच तर जल्म गेला. इथं कशापायी आलो माय? ते पुसायला. तू कशाला भ्यायलीस, थोडे दिस राहिलेत."

भीत तीच होती. बोलताना तिचा हात कडीवरून निघत नव्हता. मला तिचा राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

क्लासमध्ये मांडणीची तयारी सुरू झाली. माल आल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत काय काय होतं, त्याचा तक्ता काढायचा. मॅडम फळ्याजवळ उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या, "जैसा होता वैसाच दिखाना. जैसा होना वो नक्को." म्हणजे जसं असायला हवं तसं नको, जसं आहे तसं दाखवा. चूक दिसली तरच धंदा सुधारता येतो. सगळे लिहून घेत होते. मीही लिहून घेतलं. आणि घरी येऊन तक्त्यात चाळणी एकच काढली, डबा एकच काढला.

मांडणीच्या दिवशी ज्यांच्याकडे प्रॅक्टिकल केलं ते मालक पाहुणे म्हणून येतात. काकू पहिल्या रांगेत होत्या. नारायणपेठ साडी, गजरा. प्रिन्सिपल सर स्वतः त्यांना पाणी विचारत होते. माझा सहीचा कागद काकूंच्या मांडीवरच्या फाईलमध्ये होता. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठून घरी काढलेला तक्ता खडूने फळ्यावर उतरवला.

मी बोलले. खरेदी, भाजणं, दळणं, चाळणं, पाकीट. पाठ केलेलं होतं, धडाधड म्हटलं. काकू मान डोलवत होत्या. संपत आलं होतं. मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. वर्गात प्रत्येकाला विचारत होत्या तसाच.

"घर के कस्टमर और होटल, दोनो का माल एकच है क्या? फिर अलग कैसा रखते?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पॅकिंग वेगळं, म्हणून डबा वेगळा. एक वाक्य म्हणायचं आणि खाली बसायचं. मी काकूंकडे बघितलं. त्या हसल्या. स्टेजवर पाठांतर विसरलेल्या मुलाकडे बघून आया हसतात तसं.

"सांग ना बाळा," त्या म्हणाल्या.

बाळा.

कितीतरी दिवसांनी म्हणाल्या होत्या. लोकांसमोर. माझ्या कानशिलात काहीतरी तापलं. मी टेबलाची कड धरली. वाटलं, मला आता चक्कर येईल आणि मग बोलावंच लागणार नाही. चक्कर आली नाही.

"माल एकच है मॅडम," मी म्हटलं. "चाळनेवाले हाथां अलग हैं. अंदर का यादम्मा छानती. बाहर का मैं छानती. मैं छानी सो घरां में नै जाता. दूसरे डब्बे में जाता, होटल कू."

"एंदुकम्मा?" मॅडमनी विचारलं. का गं? त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"हम जय भीम वाले हैं बोलके."

मग मी काकूंचं वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, मराठीत, त्यांच्याच हळू आवाजात. आधी सांगायचं नाही का गं. मी तुला आपली समजले होते. उद्या गिऱ्हाइकांनी विचारलं, कुणाच्या हातचं आहे, तर मी काय सांगू. मग तेच दख्खनीत म्हटलं. मग तेलुगूत. एक शब्द वाढवला नाही. ते वाक्य त्यांनी मराठीत बोलून आमच्या दोघींत ठेवलं होतं. आता ते सगळ्या वर्गाला समजलं होतं.

काकू उठल्या. गोऱ्यापान चेहऱ्यावर डाग उठले होते.

"काय बोलतेस हे? आम्ही असलं काही मानत नाही. माझ्या ताटातलं वाढलंय मी तुला!"

"ते आधी, काकू."

एवढंच म्हणता आलं मला. नंतर मी तक्त्याकडे वळले. खडूने दुसरा डबा काढला, जिथे असायला हवा होता तिथे. डबा वाकडा आला. तसाच ठेवला.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागून एक मुलगा काहीतरी म्हणाला आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. प्रिन्सिपल सरांनी मला ऑफिसात नेलं. दार लोटलं. तेही चांगलंच बोलले. त्यांच्यासारखी माणसं नेहमी चांगलंच बोलतात.

"देखो अम्मा, गलतफहमी हुई बोलके एक लाइन लिख दो. सॉरी बोल दो. वो मालकिन साइन करने कू तैयार हैं. तुम्हारा साल बचता."

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. दाराच्या फटीतून त्यांच्या साडीचा काठ दिसत होता. आमच्या मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. जसं होतं तसंच दाखवा म्हणणाऱ्या मॅडम. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला आईचा कडीवरचा हात आठवला. फ्लोअर इन्चार्जची खुर्ची आठवली. मला सॉरी म्हणायचं होतं. खोटं कशाला सांगू? ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"नै लिखती सर."

सही झाली नाही. डिप्लोमा अडकला. मॅनेजरने ती जागा दुसऱ्याला दिली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि बोलली तेव्हा पहिलं हेच विचारलं, "आता गल्लीत समद्यांना कळंल का गं?"

"कळेल," मी म्हटलं.

परवा आम्ही दोघी बसने येत होतो. पुढच्या सीटवर दोन बायका मराठीत बोलत होत्या, लग्नाच्या आहेराबद्दल. आईने लगेच सुरू केलं, तिचं ते मोडकं तेलुगू. मला काहीतरी विचारलं तिने, भाजीचं. मी तिला मराठीत उत्तर दिलं. मोठ्याने. त्यातली एक बाई मागे वळून हसली, "मराठी का तुम्ही? कुठले?" आईने माझा दंड घट्ट धरला. बोटं रुतली. मी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं, पूर्ण. आणि तिने पुढचं विचारायच्या आधीच म्हटलं, "जय भीम." बाईचं हसू थोडं आखडलं. ती वळून बसली. आईने स्टॉप येईपर्यंत माझा दंड सोडला नाही.

भीती गेली नाही. जाईल असं वाटतही नाही. पुढच्या बॅचबरोबर मला परत प्रॅक्टिकल करायचंय. नवी जागा, नवा मालक. नाव देताना मी या वेळी आडनाव पूर्ण लिहिलंय. एका अक्षरात आता मी राहणार नाही. परत तक्ता काढायचाय, परत सगळ्यांसमोर उभं राहायचंय, टेबलाची कड परत धरावी लागेल. आणि तिथेही एखादा दुसरा डबा असेल, तर मी तो तक्त्यात काढणार. वाकडा आला तरी काढणार. सही त्यांच्याकडे राहू दे.